एका वाड्याचीं अनेक घरें

भावाभावांच्या वांटण्या होतात तेव्हां सोनेंनाणें तराजूंत घालतां येतें, शेताला बांध घालतां येतो. पण वाडा वांटण्याचा प्रसंग आला कीं पंचांची मति कुंठित होते. खण मोजून खोल्या देतां येतात. चौकाच्या मध्यावरून भिंतहि उभी करतां येते. परंतु तुळशीवृंदावन कोणाच्या बाजूस यावें, विहिरीवर हक्क कोणाचा, आणि पावसाळ्यांत आढ्यापाशीं गळूं लागलें तर कौलें कोणीं चाळावीं, या प्रश्नांना गजाच्या मापानें उत्तर मिळत नाहीं. महाराष्ट्रांतील पुष्कळ घराण्यांनीं हा अनुभव घेतलेला आहे. हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर विसाव्या शतकांत इंग्लंडमधील उमरावांच्या वाड्यांपुढें उभा राहिला. तेथें वाडे वांटण्याचें कारण भाऊबंदकी हें नव्हतें. न वांटलेला वाडा जमीनदोस्त होणार, अशी वेळ आली होती. त्या वाड्यांचीं स्वतंत्र घरें कशीं करण्यांत आलीं, त्यांत कोणतें शास्त्र होतें आणि कोणत्या ठिकाणीं हें शास्त्र अपुरें पडलें, याचा वृत्तांत मनोरंजक आहे आणि उपयुक्तहि आहे.

इंग्लंडमध्यें ज्या वास्तूस 'कंट्री हाउस' म्हणतात, तिचें भाषांतर 'खेड्यांतील घर' असें केल्यास दिशाभूल होईल. मोठा जमीनदार आपल्या जहागिरीवर जो वाडा बांधीत असे, तें कंट्री हाउस. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत असे सहस्रावधि वाडे बांधले गेले. भोंवतालच्या हजारों एकर जमिनीचा खंड त्या वाड्यांत येई आणि त्या खंडावर वाडा चाले. पाहुण्यांचें स्वागत, शिकार, निवडणुकीचे डावपेंच, कुळांचा न्यायनिवाडा, सर्व कांहीं तेथें होत असे. म्हणून असा वाडा म्हणजे केवळ कुटुंबाचें निवासस्थान नसून कचेरी, धर्मशाळा आणि दरबार यांचें मिश्रण होता.

त्याच्या रचनेंतहि हा दुहेरीपणा स्पष्ट दिसतो. दर्शनी बाजूस उंच छतांचीं दालनें असत: दिवाणखाना, भोजनगृह, ग्रंथालय. हीं बहुधा एका रांगेंत असून एकाचें दार दुसऱ्यांत उघडे. त्यांच्या वरच्या मजल्यावर निजावयाच्या खोल्या. यांच्या मागें, खालीं किंवा बाजूस अगदीं निराळें जग असे. मुदपाकखाना, धोबीखाना, कोठ्या, तळघरें, नोकरांच्या खोल्या, अंगणापलीकडे पागा व गाडीखाना. मालकांचा जिना रुंद व शोभिवंत, तर नोकरांचा जिना अरुंद व मागच्या बाजूस. दोन्ही जगांतील माणसें एकमेकांच्या वाटेंत फारशीं येऊं नयेत अशी योजना असे. थोडक्यांत, बाहेरून एक दिसणाऱ्या या वाड्यांत मुळापासूनच दोन वाडे असत. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें वांटणीच्या वेळीं तीच उपयोगी पडली.

या वाड्यांचा पाया जमिनीच्या उत्पन्नावर होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशांतून स्वस्त धान्य येऊं लागलें आणि खंड उतरले. 1894 सालीं नवा वारसाकर आला. तेव्हां दहा लक्ष पौंडांवरील मिळकतीस शेंकडा 8 असलेला हा कर 1949 सालीं शेंकडा 80 झाला. एका पिढींत बाप व मुलगा दोघेहि गेले तर जहागीर विकण्यावांचून गत्यंतर उरेना, आणि 1914 ते 1918 च्या युद्धांत असे प्रसंग अनेक घराण्यांवर आले. त्या युद्धानंतर नोकरमाणसें मिळेनात. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें शेंकडों वाडे शाळा, इस्पितळें व लष्करी छावण्या यांसाठीं ताब्यांत घेतले आणि ते परत मिळाले तेव्हां छपरें गळत होतीं, नक्षीकाम फुटलें होतें. दुरुस्तीस पैसा नाहीं आणि राहावयास माणसें नाहींत, अशा स्थितींत मालक वाडा पाडून दगड, लांकूड आणि छपराचें शिसें विकूं लागले. 1950 नंतरच्या दशकांत या पाडापाडीचा वेग सर्वांत अधिक होता. 1974 सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्यें या विनाशाचें एक प्रदर्शन भरलें. कोसळत्या खांबांचा देखावा करून त्यांवर नष्ट झालेल्या वाड्यांचीं छायाचित्रें लावलेलीं होतीं आणि एक आवाज त्यांचीं नांवें एकामागून एक वाचीत होता. मृतांची नामावळी वाचावी तसा तो प्रकार होता. विसाव्या शतकांत हजारांहून अधिक वाडे नाहींसे झाले होते, आणि लोकांना त्याची जाणीव प्रथम त्या दालनांत झाली.

जे उरले त्यांचें काय करावें? कांहींच्या शाळा झाल्या, कांहींचीं हॉटेलें, कांहींच्या कचेऱ्या. 1937 च्या कायद्यानें नॅशनल ट्रस्ट या संस्थेस असे वाडे घराण्यासह स्वीकारण्याची मुभा मिळाली. परंतु ट्रस्ट वाड्याबरोबर त्याच्या संगोपनाची तरतूदहि मागे, आणि ती ज्याच्यापाशीं होती त्याला वाडा सोडण्याची गरजच नव्हती. 1955 सालीं म्युच्युअल हाउसहोल्ड्स असोसिएशन नांवाची एक संस्था निघाली. तिनें कांहीं वाडे घेऊन निवृत्त लोकांना त्यांत खोल्या दिल्या, भोजनगृह व दिवाणखाना मात्र सर्वांना मिळून ठेवला. ही योजना कित्येक वर्षें चालली, पण अखेरीस ती संस्थाहि बंद झाली. राहतां राहिला वाड्याचीं खासगी घरें करण्याचा मार्ग. तो अनेकांनीं चोखाळला, आणि आरंभीं पुष्कळांनीं वाड्याचा घातच केला.

तो घात कसा होतो हें समजून घेण्यासारखें आहे. समजा, वीस फूट उंचीचें एक दालन आहे. बांधकाम करणाऱ्याला त्यांत दोन मजले दिसतात. तो मध्यें तक्तपोशी घालतो. वरच्या बिऱ्हाडाच्या उशाशीं छताची नक्षी येते आणि उंच खिडकी मधोमध कापली जाते. दालन रुंद असेल तर तो त्यांत लांकडी आडभिंत घालतो; मग नक्षीदार पट्टी एका खोलींत सुरू होऊन दुसरींत संपते आणि शेकोटी एका कोपऱ्यांत अडकून पडते. प्रत्येक मजल्यावर आडवीं बिऱ्हाडें पाडलीं कीं मोठा जिना सार्वजनिक होतो. त्याच्यावर कोणाची माया राहत नाहीं. तेथें सायकली, पेट्या आणि विजेचे मापक येऊन बसतात. बाहेरच्या भिंतींवरून सांडपाण्याचे नळ उतरतात. बागेंत प्रत्येकजण आपलें कुंपण घालतो. अशा रीतीनें वाडा उभा राहतो, परंतु वाडेपण जातें.

या पद्धतीस ज्या गृहस्थानें निराळें वळण दिलें त्याचें नांव किट मार्टिन. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचे एक रचनाकार सर लेस्ली मार्टिन यांचे ते चिरंजीव, आणि स्वतःहि वास्तुविद्येचें शिक्षण घेतलेले. 1970 नंतरच्या दशकांत त्यांनीं नॉर्थॅम्प्टनशायरमधील डिंग्ली हॉल हा पडीक वाडा घेतला आणि त्याचीं घरें केलीं. 1980 सालीं नॉरफोक परगण्यांतील गन्टन हॉल घेतला. या दुसऱ्या वाड्याचा मुख्य भाग 1882 सालच्या आगींत भस्मसात् होऊन जवळजवळ एक शतक बिनछपराचा उभा होता. पुढें त्यांनीं स्कॉटलंड व इंग्लंडमध्यें अनेक वाडे हातीं घेतले. 1982 सालीं मार्कस बिनी यांच्यासह त्यांनीं या विषयावर एक पुस्तकहि प्रसिद्ध केलें.

त्यांच्या पद्धतीचीं सूत्रें मोजकीं आहेत, आणि तीं सर्व एकाच विचारांतून निघतात. तो विचार असा कीं वाडा कोठें कापावा हें मालकाच्या हिशेबावरून ठरवावयाचें नसतें. वाड्याच्या जुन्या सांध्यांवरून तें ठरतें. चांगला खाटीकहि हाड फोडीत नाहीं, सांधा शोधतो. शंभर-दोनशें वर्षें वाढत गेलेल्या वास्तूंत असे सांधे पुष्कळ असतात. एका शतकांतील भाग दुसऱ्या शतकांतील भागास जेथें मिळतो, तेथें भिंत बहुधा जाड असते. मालकांचा विभाग जेथें संपतो आणि नोकरांचा लागतो, तेथें एखाददुसरेंच दार असतें. तें दार बुजविलें कीं दोन घरें आपोआप निराळीं होतात.

पहिलें सूत्र, वांटणी शक्यतों उभी असावी. वाडा केकप्रमाणें थरांनीं कापूं नये. तळापासून छपरापर्यंत एकेक तुकडा पाडावा, म्हणजे प्रत्येक कुटुंबास तळमजला, वरचा मजला आणि माळा असें पुरें घर मिळतें. त्याला स्वतःचा जिना असतो, स्वतःचें दार जमिनीवर उघडतें, आणि डोक्यावर दुसऱ्याचीं पावलें वाजत नाहींत. ज्या वाड्यांत दोन टोकांस दोन आणि मागें नोकरांचे दोनतीन जिने आहेत, तेथें घरांची संख्या जिन्यांच्या संख्येवरूनच ठरते. रटलंडमधील बर्ली-ऑन-द-हिल हा सतराव्या शतकाच्या अखेरीचा विस्तीर्ण वाडा. 1908 सालीं विन्स्टन चर्चिल तेथें पाहुणे असतांना लागलेल्या आगीमुळें तो विशेष प्रसिद्ध झाला. मार्टिन यांनीं 1990 नंतरच्या दशकांत त्याच्या मुख्य वास्तूचीं केवळ सहा घरें केलीं. लोभ धरला असता तर तेथें चाळीस बिऱ्हाडें बसलीं असतीं.

दुसरें सूत्र, मोठें दालन फोडूं नये. ज्याच्या वांट्यास दिवाणखाना येईल त्यानें तो दिवाणखाना म्हणूनच वापरावा. मोरी, स्वयंपाकघर, मुलांच्या खोल्या या त्याला लागून असलेल्या साध्या खोल्यांत कराव्या. नोकरांच्या विभागांतील खोल्या लहान, बुटक्या छताच्या व बिननक्षीच्या असतात. आधुनिक संसाराला लागणारे नळ, चुली, कपाटें त्यांत घालतांना कोणत्याहि कलेची हानि होत नाहीं. म्हणून प्रत्येक घराच्या वांट्यास थोडें भव्य आणि थोडें साधें असे दोन्ही भाग येतील अशी आंखणी करावी लागते. ही आंखणी फार कौशल्याची आहे. नकाशावर रेघ एक हात इकडे सरकली तर एका घरास चार दिवाणखाने आणि शून्य मोऱ्या येतात.

तिसरें सूत्र, आधीं आजूबाजूच्या इमारती पाहाव्या. पागा, गाडीखाना, धोबीखाना, माळ्याचें घर यांचीं घरें करणें सोपें आणि कमी खर्चाचें असतें. त्यांच्या विक्रींतून आलेल्या पैशानें मुख्य वाड्याचें छप्पर दुरुस्त होतें, आणि मुख्य वाड्यांत गर्दी करण्याची गरज राहत नाहीं.

चौथें सूत्र बाहेरच्या जागेचें. वाड्यासमोरील हिरवळ, तळें, दूरवर गेलेली झाडांची रांग हा वास्तूचाच भाग होय. ती जमीन कोणासहि तोडून द्यावयाची नाहीं. घराच्या अगदीं लगत एखादी लहान खासगी बाग असावी. त्यापलीकडील सर्व उपवन सामाईक. दर्शनी बाजूस मोटारींच्या खोपी नाहींत, कपडे वाळविण्याच्या दोऱ्या नाहींत. एक कुंपण घातलें तर एकाचें शंभर फूट वाढेल, पण सर्वांचा मैलभर देखावा जाईल.

वॉर्विकशायरमधील स्टोनले ॲबी या वाड्यावरून हीं सूत्रें अधिक स्पष्ट होतील. एव्हन नदीच्या कांठीं बाराव्या शतकाच्या मध्यास तेथें सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ स्थापन झाला. आठव्या हेन्रीनें मठ बरखास्त केले तेव्हां 1536 सालीं तोहि संपला. 1561 सालीं लंडनचे व्यापारी सर टॉमस ली यांनीं ती जागा घेतली, आणि पुढें चारशें वर्षांहून अधिक काळ ती ली घराण्याकडे राहिली. साधूंच्या चौकाभोंवतीं, त्यांच्याच भिंतींचा आधार घेऊन, त्या घराण्यानें आपला वाडा उठविला. चौदाव्या शतकांतील मठाची देवडी अद्याप उभी आहे. 1714 ते 1726 च्या दरम्यान वॉर्विकचा रचनाकार फ्रॅन्सिस स्मिथ यानें जुन्या वाड्यास पश्चिमेकडे एक नवा पाखा जोडला. तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर पंधरा खिडक्या, मध्यें भिंतींत बसविलेले उंच अर्धस्तंभ, असें त्याचें रूप. त्याच्या मागें जुनाट, आडवळणी, निरनिराळ्या शतकांतील बांधकाम, आणि पुढें हा सरळ, शिस्तबद्ध दर्शनी भाग. वाड्यांतील वाडा येथें डोळ्यांनींच दिसतो.

1806 सालीं या वाड्याचा वारसा एका वृद्ध धर्मोपदेशकाकडे आला. तो ताबा घेण्यास निघाला तेव्हां त्याच्या नात्यांतील एक विधवा बाई व तिच्या मुली त्याच्याबरोबर होत्या. त्यांतील एक मुलगी म्हणजे पुढें कादंबरीकार म्हणून कीर्ति पावलेली जेन ऑस्टेन. तिच्या आईनें तेथून सुनेस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. तिनें समोरच्या पंचेचाळीस खिडक्या मोजल्या, नव्या भागांतील सव्वीस निजावयाच्या खोल्या मोजल्या, आणि या वाड्यांत वाट सांपडत नाहीं म्हणून वळणावळणावर दिशादर्शक पाट्या लावाव्या अशी यजमानास विनोदानें सूचना केली. तो विनोद खरा होता. ज्या घरांत पाहुण्यास पाटी लागते, तें एका कुटुंबास फार मोठें असतें. तें मोठें आहे हें तेव्हांहि दिसत होतें, फक्त खर्च भागत होता.

पुढें तो भागेना. 1946 सालीं स्टोनले ॲबी लोकांस पाहण्यासाठीं खुली झाली. 1960 सालीं आग लागून पश्चिमेकडील भागाचें मोठें नुकसान झालें. अखेर 1996 सालीं ली घराण्यानें वाडा एका धर्मादाय विश्वस्त मंडळाकडे सोंपविला. त्यानंतर सार्वजनिक निधीच्या साहाय्यानें मोठी दुरुस्ती झाली आणि किट मार्टिन यांच्या साहाय्यानें वाड्याची विभागणी करण्यांत आली. पश्चिम पाख्यांतील मुख्य दालनें अखंड ठेवून लोकांस खुलीं राहिलीं. हर्क्युलीसच्या पराक्रमांचीं चुन्यांत उठविलेलीं चित्रें असलेला दिवाणखाना त्यांतच आहे, आणि 1858 सालीं व्हिक्टोरिया राणी उतरली होती त्या खोल्याहि त्यांतच आहेत. वास्तूच्या उरलेल्या भागांत खासगी निवासस्थानें झालीं. म्हणजे येथें वांटणी दोघांत झाली. जें सर्वांचें होतें तें सर्वांचें राहिलें, आणि जें केवळ राहण्याचें होतें त्यांत माणसें राहावयास आलीं. ज्या खोलींत माणूस राहतो तिची खिडकी वेळेवर उघडते आणि छताला ओल आली तर ती दुसऱ्या दिवशीं दिसते. रिकाम्या खोलींतील ओल दिसते ती तुळई कुजल्यावर.

घरें निराळीं करतांना दोन शत्रूंचा विचार करावा लागतो, आवाज व आग. जुन्या वाड्याच्या भिंती जाड असल्या तरी तक्तपोशीखालीं, धुराड्यांतून आणि माळ्यावरून पोकळ्या सर्वत्र पसरलेल्या असतात. एका घरांतील ठिणगी अशा वाटेनें चौथ्या घरांत जाते. म्हणून प्रत्येक दोन घरांमधील भिंत छपराच्या पत्र्यापर्यंत किंवा कौलांपर्यंत नेऊन मिळवावी लागते आणि तक्तपोशीखालील पोकळी बंद करावी लागते. स्कॉटलंडमधील कलन हाउस हा वाडा मार्टिन यांनीं 1982 सालीं घेऊन त्याचीं घरें केलीं. पांच वर्षांत, 1987 सालीं, त्याला मोठी आग लागली. सतराव्या शतकांतील एक चित्रित लांकडी छत तींत कायमचें गेलें. वाडा पुन्हां बांधला गेला आणि घरें पुन्हां वसलीं, पण छत परत आलें नाहीं. वांटणी कितीहि कुशल असली तरी वास्तूचा देह एकच असतो, हें त्या आगीनें दाखविलें.

हाच मुद्दा कायद्याच्या दृष्टीनें तर फारच महत्त्वाचा आहे. भिंत वांटतां येते, जिना वांटतां येतो, पण छप्पर वांटतां येत नाहीं. एकाच्या माळ्यावरचें पाणी दुसऱ्याच्या पन्हळींतून उतरतें. मग दुरुस्ती कोणीं करावी? साधें उत्तर असें वाटेल कीं खरेदीखतांत लिहून घ्यावें. परंतु इंग्लंडचा कायदा या ठिकाणीं अडतो. जमिनीच्या मालकानें 'अमुक करणार नाहीं' असें वचन दिलें तर तें पुढच्या खरेदीदारासहि बांधूं शकतें. पण 'अमुक करीन, त्यासाठीं खर्च करीन' हें वचन पुढच्या मालकास बांधीत नाहीं. सॉमरसेटमधील एका जुन्या घराची 1960 सालीं दोन भागांत वांटणी झाली होती. मोठ्या भागाचें छप्पर धाकट्या भागांतील एका निजावयाच्या खोलीवर आलें होतें, आणि तें नीट राखण्याचें वचन खतांत लिहिलेलें होतें. दोन्ही भाग पुढें दुसऱ्यांच्या हातीं गेले. छप्पर गळूं लागलें. खोलीच्या मालकानें दाद मागितली आणि प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें. 1994 सालीं निकाल लागला तो असा कीं वचन देणारा मालक गेला, नव्या मालकावर तें बंधन नाहीं. खोलीवर छप्पर दुसऱ्याचें, ओल मात्र आपली!

म्हणून वाड्यांच्या वांटणींत घरें बहुधा कायमच्या मालकीनें न देतां फार दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें देतात. पट्ट्यांतील वचन खर्चाचें असलें तरी तें पट्ट्याबरोबर पुढच्या धारकाकडे जातें. मूळ मालकी रहिवाशांच्याच एका मंडळीकडे ठेवण्याची चाल आहे. प्रत्येक घरवाला तिचा भागीदार असतो. छप्पर, बाहेरच्या भिंती, पन्हळी, रस्ता, उपवन हें मंडळीच्या ताब्यांत. त्यांचा खर्च वर्गणीनें. 2002 सालीं पार्लमेंटनें सामाईक मालकीची एक नवी पद्धतिहि कायद्यानें सुरू केली, पण ती फार थोड्या इमारतींनीं पत्करली आहे. किट मार्टिन यांच्या नकाशांची स्तुति पुष्कळ होते आणि ती योग्यच आहे. तथापि त्या नकाशांना टिकाऊपणा येतो तो अशा कागदांमुळें, हें विसरतां कामा नये. ज्या वाड्यांत आंखणी उत्तम पण करार ढिला, तेथें वीस वर्षांनीं छतावर बादल्या ठेवाव्या लागतात.

या पद्धतीवर आक्षेपहि आहेत, आणि ते खोटे नाहींत. वाडा वांटला कीं त्यांतील चित्रें, ग्रंथ, आसनें हीं लिलांवांत पांगतात. भिंती राहतात, संसार जातो. बहुतेक ठिकाणीं स्टोनलेप्रमाणें लोकांसाठीं दालनें राखलेलीं नसतात, त्यामुळें पूर्वीं एका उमरावाचें असलेलें दार आतां दहा-बारा सुखवस्तु कुटुंबांचें होतें, सामान्य माणसास तें बंदच. शिवाय ही युक्ति सर्वच वाड्यांस लागू पडत नाहीं. ज्यांत एकच अवाढव्य जिना आहे आणि दालनें एकांतून एक उघडतात, त्याला सांधा नसतो. तो कापतांना मोडणारच. त्याच्यासाठीं शाळा किंवा संग्रहालय असा एकाच मालकाचा उपयोग शोधावा लागतो. 1968 च्या कायद्यानें संरक्षित यादींतील इमारत सरकारी परवानगीवांचून पाडतां किंवा बदलतां येत नाहीं. तेव्हां कोणती वास्तु वांटण्याजोगी आणि कोणती नाहीं, याचा निर्णय आतां केवळ मालकाच्या मर्जीवर राहिलेला नाहीं.

तरीहि तुलना कशाशीं करावयाची हें स्पष्ट असावें. वांटलेला वाडा आणि पूर्वीचा भरलेला वाडा अशी निवड 1970 नंतर कोणापुढें नव्हती. निवड वांटलेला वाडा आणि दगडांचा ढीग यांमध्यें होती. डिंग्ली, गन्टन, बर्ली, कलन, स्टोनले येथें आज संध्याकाळीं खिडक्यांत दिवे लागतात.

आपल्याकडील जुन्या वांटणीपत्रांत एक वाक्य हटकून असे: विहीर, बोळ, दिंडी दरवाजा आणि देवघर हीं सामाईक. खोल्यांवरून भांडणारे भाऊ याच वाक्यामुळें एकमेकांच्या पाण्याला व पूजेला आडवे येत नसत. पुण्यासारख्या शहरांत जे वाडे भाऊबंदांत व भाडेकरूंत वांटले जाऊन अखेर पडले, त्यांच्या खोल्या कमी होत्या म्हणून ते पडले नाहींत. छप्पर शाकारण्याची जबाबदारी कोणाच्याच वांट्यास आली नव्हती. इंग्लंडमधील वास्तुकारांनीं व वकिलांनीं इतक्या खटाटोपानें जें साधलें, तें त्या जुन्या वाक्यांतहि होतें. फक्त विहिरीच्या व दिंडीच्या यादींत छप्पर घालावयाचें राहून गेलें होतें. जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या मालकांनीं आपलीं जुनीं कागदपत्रें काढून ती यादी एकदां वाचून पाहावी, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीं ती पुरी करावी.